पान दाखवा, मग नोंद मागा

आपल्या जिल्ह्याचं नाव कुणी बुलडाणा लिहितं, कुणी बुलढाणा. इंग्रजी अमदानीत, १९१० साली निघालेल्या जिल्हा गॅझेटियरवर जे स्पेलिंग आहे त्यात तर ‘डी’नंतरचा ‘एच’ नाहीच. बोलताना, पत्ता लिहिताना, एसटीचं तिकीट मागताना याने कुणाचं काही अडत नाही. संगणकाच्या तालिकेत मात्र अडतं. ‘बुलढाणा’ टाइप करून शोधणाऱ्या मुलाला ‘बुलडाणा’ असं नोंदलेलं पुस्तक दिसत नाही, आणि ‘इथं काहीच नाही’ म्हणून तो निघून जातो. पुस्तक असतं, नोंदही असते. दोघांची गाठ तेवढी पडत नाही.

हा लेख अशा नोंदींबद्दल आहे, आणि मुख्यतः ऑनलाइन मिळणाऱ्या पुस्तकांच्या नोंदींबद्दल. माझ्यासारख्या गावच्या वाचनालयात एकटीने काम करणाऱ्या ग्रंथपालांसाठी तो लिहिते आहे. ‘ड’ किंवा ‘क’ वर्गातलं वाचनालय म्हणजे देवघेव, वर्गणी, दाखल रजिस्टर, तपासणीची तयारी आणि सकाळचा केर, सगळं एकाच माणसाकडे. नवीन पुस्तकांना पैसे थोडे. पण साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं, दर्शनिका विभागाची गॅझेटियर, विकिस्रोतावरची जुनी मराठी पुस्तकं, इंटरनेट अर्काइव्हवरचे स्कॅन हे सगळं फुकट आहे. तालिकेत त्याची नोंद केली तर चारशे सभासदांच्या वाचनालयातही दुर्मीळ पुस्तकं ‘असू’ शकतात. अडचण एवढीच, की एक नोंद नीट करायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास कुणाकडे नाही. तिथे एआय कामाला येतं. पण त्याला कामाला कसं लावायचं हे मला चुकत चुकतच कळलं.

पहिली चूक सांगते. ताराबाई शिंदे आपल्या बुलडाण्याच्या. त्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. मधली नव्वद वर्षं ते बहुतेकांच्या विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा लोकांसमोर आणलं, आणि १९९४ मध्ये रोझलिंड ओ’हॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद आला. जिल्ह्यातल्या वाचनालयाच्या ऑनलाइन यादीत पहिलं नाव त्यांचंच असावं असं मला वाटलं. मी एआयला नुसतं विचारलं, ‘या पुस्तकाची ग्रंथालयीन नोंद करून दे.’ दहा सेकंदांत नोंद आली. नीटनेटकी, रकाने भरलेले, कुठे शंका नाही. लेखिकेचं नाव बरोबर. वर्ष १९७५. प्रकाशक म्हणून मुंबईतली एक मोठी संस्था. वर तेरा आकडी आयएसबीएन.

मी ती नोंद जवळजवळ चढवलीच होती. हात थांबला तो त्या तेरा आकड्यांपाशी. आयएसबीएनची पद्धत सुरू झाली १९७० च्या सुमारास, आणि तेरा आकडी क्रमांक आले २००७ पासून. १८८२ च्या पुस्तकावर तो असणं शक्य नाही, १९७५ च्या आवृत्तीवर तेरा आकडी असणंही शक्य नाही. म्हणजे यंत्राने तो रचला होता. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. आयएसबीएनचा रकाना मागितला की काहीतरी आयएसबीएनसारखं लिहायचं, एवढंच त्याला येत होतं. मग मी बाकीचे रकानेही संशयाने पाहिले. १८८२ चं मूळ, मालशे यांची आवृत्ती आणि एखादं अलीकडचं पुनर्मुद्रण या तिघांची खिचडी करून त्याने माझ्यापुढे चौथंच, कुणी कधी न छापलेलं पुस्तक ठेवलं होतं.

त्या दिवसापासून माझा एकच नेम आहे. यंत्राला आठवायला लावायचं नाही, वाचायला लावायचं. पुस्तकाचं पान त्याच्यासमोर ठेवलं की ते चांगला कारकून आहे. न ठेवता विचारलं की ते गप्पिष्ट पाहुणा आहे.

पानं कोणती द्यायची? सगळं पुस्तक देण्याची गरज नाही. चार-पाच पानं पुरतात: टायटल पेज, त्याच्या मागचं पान (प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, हक्क हे सगळं तिथेच असतं), प्रस्तावनेचं शेवटचं पान, अनुक्रमणिका आणि पुस्तकाचं अखेरचं छापील पान. प्रस्तावनेचं शेवटचं पान विसरू नका. जुन्या मराठी पुस्तकात टायटलवर वर्ष नसलं तरी प्रस्तावनेखाली गाव आणि तिथी हमखास असते. स्कॅनचं अगदी पहिलं चित्र मात्र देऊ नका. ते बहुतेक वेळा पुठ्ठा किंवा मूळ ग्रंथालयाचे शिक्के असतात, आणि यंत्र शिक्क्यावरचं नाव प्रकाशक म्हणून उचलतं. स्क्रीनशॉट घेताना पान मोठं करून घ्या. एक पूर्ण पान पुसट दिसत असेल तर वरचा आणि खालचा भाग वेगळा घ्या. मोबाईलवर हे जमतं. मी निम्म्या नोंदी मोबाईलवरच केल्या आहेत, कारण दुपारी वीज जाते.

पीडीएफमधून मजकूर कॉपी करून द्यायचा मोह होईल. जरा जपून. जुन्या टंकांत, म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव वगैरेंत जुळवलेल्या पुस्तकातून मराठी कॉपी केली की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ हाती येते. एआय ती भेळ पाहून अर्थ लावायचा प्रयत्न करतं आणि अर्थ लागल्यासारखं दाखवतं. अशा वेळी चित्रच द्या.

मग मागणी. मी वापरते तो मजकूर असा. हवा तर जसाच्या तसा घ्या:

‘सोबत एका मराठी पुस्तकाच्या पानांची चित्रं आहेत. या पानांवर छापलेलं आहे तेवढंच वाच. पुढच्या गोष्टी वेगवेगळ्या ओळींत दे: पुस्तकाचं नाव, उपनाव, लेखक, संपादक, अनुवादक, आवृत्ती, प्रकाशक, प्रकाशनाचं गाव, मुद्रक, वर्ष, पानं, आयएसबीएन, ग्रंथमाला. शुद्धलेखन सुधारू नकोस. वर्ष शकात असेल तर शकातच लिही. प्रत्येक ओळीपुढे ती गोष्ट कोणत्या चित्रात आहे ते लिही. जे पानांवर नाही तिथे “पानावर नाही” असं लिही. पुसट असेल तर “वाचता येत नाही” असं लिही. तुला आधीपासून माहीत असलेलं काही इथे घालू नकोस.’

यातलं ‘कोणत्या चित्रात आहे ते लिही’ हे वाक्य सगळ्यात कामाचं. ते नसलं तर तुम्हाला पाचही पानं पुन्हा चाळावी लागतात. ते असलं की बोट ठेवून पडताळता येतं, आणि यंत्रालाही हवेतून काही आणणं अवघड होतं. ‘पानावर नाही’ म्हणायची मुभा आपण दिली नाही तर रिकामा रकाना त्याला सोसत नाही. आपल्याकडे परीक्षेत न येणाऱ्या प्रश्नालाही पानभर उत्तर लिहिणारी मुलं असतात ना, तसंच ते.

आता उत्तर आलं. ते कुठे कुठे चुकतं, हे मी माझ्या वहीत टिपत गेले. सगळ्यात जास्त नोंदी अंकांच्या आहेत. जुन्या छपाईत १ आणि ९, ४ आणि ५ एकमेकांसारखे दिसतात. शाई पसरली तर तुमचाही गोंधळ होतो. म्हणून वर्ष एका ठिकाणाहून घेऊ नका. टायटलवरचं वर्ष आणि प्रस्तावनेखालचं वर्ष जुळतं का पाहा. शके असेल तर अठ्ठ्याहत्तर मिळवा: शके १८३२ म्हणजे १९१०. पण शक पाडव्याला बदलतो, जानेवारीत नाही. तेव्हा पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी दिली असेल तर एकोणऐंशी मिळवायचे. एका पोथीच्या नोंदीत यंत्राने शके १८३२ हे सरळ इसवी सन १८३२ म्हणून टाकलं होतं. पोथी एकदम अठ्ठ्याहत्तर वर्षांनी म्हातारी झाली! तेव्हापासून हे गणित मी त्याच्याकडे देत नाही, बोटांवर करते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे छापखाना आणि प्रकाशक यांची अदलाबदल. ‘अमुक छापखान्यात छापून प्रसिद्ध केलें’ असं असलं की छापखान्याचं नाव प्रकाशकात जातं. कित्येक जुनी पुस्तकं लेखकाने स्वतःच प्रसिद्ध केलेली असतात. तिथे प्रकाशक लेखकच.

तिसरी चूक दिसायला सज्जन आहे: शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली आले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘गांव’, ‘यांचें’ असे अनुस्वार सर्रास आहेत. यंत्र ते गुपचूप पुसतं आणि तुमच्यावर उपकार केल्यासारखं आधुनिक शीर्षक देतं. नोंदीत मूळ नाव पानावर जसं छापलंय तसंच यायला हवं. आधुनिक रूप द्यायचंच तर ते दुसऱ्या रकान्यात, पर्यायी शीर्षक म्हणून. कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरत असाल तर २४५ क्रमांकाच्या रकान्यात छापील रूप आणि २४६ मध्ये आजचं रूप. दोन्ही शोधता येतं, आणि खोटंही काही होत नाही.

लेखकाचं नाव हा वेगळाच प्रांत. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे, ज्यांच्या ‘खूणगाठी’ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यांची आद्याक्षरं फोड म्हटल्यावर मला ‘नारायण’ मिळालं होतं. खरं नाव नागोराव घनश्याम. ना. म्हटलं की नारायण, हा अंदाज दहातल्या आठांना बरोबर ठरेलही. पण नोंद त्या उरलेल्या दोघांचीही असते. म्हणून आद्याक्षरं यंत्राकडून फोडून घेऊ नका. ‘देशपांडे, ना. घ.’ एवढंच नोंदवा आणि पूर्ण नाव खात्रीच्या ठिकाणाहून मिळालं तर जोडा. एक नाव एकदा ठरलं की ते सगळ्या नोंदींत तसंच. यासाठी मी एक साधी एक्सेल शीट ठेवली आहे, डावीकडे ठरलेलं रूप, उजवीकडे सापडलेली बाकीची रूपं. मोठ्या ग्रंथालयांत त्याला प्रमाणित नावांची सूची म्हणतात. आमच्याकडे ती ‘नावांची वही’.

तसंच शेगावचं पाहा. ‘श्री गजानन विजय’ या ग्रंथाच्या नोंदीत लेखक म्हणून गजानन महाराज आले होते. ग्रंथ दासगणूंचा. महाराज हा त्याचा विषय. चरित्रं, पोथ्या, गौरवग्रंथ यांत हा घोळ वारंवार होतो, कारण मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत नाव असतं ते ज्याच्यावर पुस्तक आहे त्याचं.

आयएसबीएन पानावर असेल तर तो पडताळायचा एक सोपा उपाय आहे. तेरा अंकांपैकी पहिला जसाच्या तसा, दुसरा तिप्पट, तिसरा जसाच्या तसा, चौथा तिप्पट, असं करत जायचं आणि बेरीज करायची. बेरजेला दहाने भाग गेला पाहिजे. नमुन्यादाखल नेहमी दिला जाणारा ९७८३१६१४८४१०० हा क्रमांक घ्या: ९, २१, ८, ९, १, १८, १, १२, ८, १२, १, ०, ०. बेरीज शंभर. बरोबर. भारतातल्या प्रकाशकांच्या पुस्तकांचे क्रमांक सहसा ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतात. एक्सेलमध्ये सूत्र एकदा लिहून ठेवलं की झालं. पण लक्षात ठेवा, गणित जुळलं म्हणजे क्रमांक त्याच पुस्तकाचा असं होत नाही. रचलेला क्रमांकही दहात एकदा नशिबाने जुळतो.

आतापर्यंतचं सगळं छापील पुस्तकालाही लागू. ऑनलाइन पुस्तकाची खरी गोम पुढे आहे. इंटरनेट अर्काइव्हवर पुस्तक कधी चढवलं ती तारीख तिथे ठळक दिसते, आणि यंत्राला स्क्रीनशॉटमध्ये ती दिसली की तेच प्रकाशनवर्ष होतं. १९३० चं पुस्तक २०१७ चं होऊन बसतं. नोंदीत वर्ष मूळ छापील पुस्तकाचं द्या. चढवल्याची तारीख लागणारच नाही. ‘भौतिक वर्णन’ या रकान्यात ‘१ ऑनलाइन साधन’ आणि कंसात मूळ पानांची संख्या. दुवा ८५६ मध्ये. पुनर्मुद्रणाचं स्कॅन असेल तर पहिल्या आवृत्तीचं वर्ष टिपेत. ‘स्त्रीपुरुष तुलना’चं उदाहरण घेतलं तर, तुमच्यासमोरचं स्कॅन मालशे यांच्या आवृत्तीचं असेल तर नोंद त्या आवृत्तीची, संपादक म्हणून मालशे, आणि टीप: मूळ प्रकाशन पुणे, १८८२. तीच पानं पहिल्या आवृत्तीची असतील तर मालशे यांचं नाव कुठेच यायला नको. आणि इंग्रजी अनुवाद ही तिसरी, स्वतंत्र नोंद, लेखक ताराबाईच. तिन्ही नोंदी एका नोंदीत कोंबायची सवय यंत्राला आहे, आपल्याला नको.

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे जुने स्कॅन जिथे जिथे फिरतात तिथे त्यांची नावंही त्यांच्यासोबत फिरतात. रोमन लिपीत, स्वर दुप्पट केलेले, मधेच एखादा ‘एक्स’ किंवा स्वल्पविराम वर टांगलेला. माणसाला ते वाचवत नाही, शोधताना सुचणं तर दूरच. इथे एआय खरोखर उपकार करतं: टायटल पेजवरून देवनागरी नाव काढून देतं. ते काम त्याला बिनधास्त द्या. मात्र एक पाहा, भाषेच्या रकान्यात त्याने काय टाकलंय. देवनागरी दिसली की ‘हिंदी’ असा शिक्का मारायची त्याला खोड आहे. मराठीसाठी संकेत ‘एमएआर’.

ही खोड वर्गांकातही दिसते. ड्यूईमध्ये मराठी साहित्य ८९१.४६, हिंदी ८९१.४३. एका आकड्याचा फरक, आणि पुस्तक दुसऱ्या कपाटात. त्याहून मोठी चूक म्हणजे मराठीत लिहिलेलं ते सगळं मराठी साहित्य, असा समज. ताराबाईंचं पुस्तक मराठीत आहे म्हणून ते ८९१.४६ मध्ये जात नाही. ते स्त्रियांच्या सामाजिक स्थितीचं, ३०५.४ मध्ये जाणारं. माझा अनुभव असा, की यंत्राला एकच वर्गांक मागू नये. तीन मागावे आणि प्रत्येकाचं कारण मागावं. कारण वाचलं की त्याने पुस्तक पाहिलंय की नुसतं नाव, हे लगेच कळतं. निवड मात्र आपली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने सुमारे तेवीस हजार ई-पुस्तकं घेऊन असे प्रयोग केले. शीर्षक, लेखक यांत यंत्र बरंच बरं ठरलं आणि विषय देताना लंगडं पडलं. त्यांच्या हाताशी शतकभराची विषयशीर्षकं, तरी ही गत. आपल्याकडे मराठी विषयशीर्षकांची सगळीकडे चालणारी एक यादीच नाही, तेव्हा विषयाच्या रकान्यात त्याच्यावर विसंबू नका.

विषयातही सगळ्यात धोक्याची ती स्थलनामं. जळगाव जामोदवरच्या एका पुस्तिकेला यंत्राने ‘जळगाव जिल्हा’ असा विषय दिला. मी घाईत तो तसाच ठेवला. आठवड्याने पेपर वाचायला येणारे एक निवृत्त गुरुजी संगणकापाशी उभे राहिले आणि म्हणाले, ‘ताई, आमचं जळगाव खान्देशात कधी गेलं हो?’ मी ते लगेच दुरुस्त केलं आणि त्यानंतर गावांची एक वेगळी यादी केली: तेराही तालुके, त्यांची देवनागरीतली सगळी रूपं, इंग्रजीतली जुनी-नवी रूपं, आणि ज्या गावांच्या नावाची दुसरी गावं महाराष्ट्रात आहेत त्यांच्यापुढे कंसात जिल्हा. ही यादी आता मी प्रत्येक वेळी यंत्राला सोबत देते आणि सांगते, गावाचं नाव यातूनच घे, नसलं तर रिकामं ठेव. चुका जवळजवळ थांबल्या.

लोणारचंही असंच. जुन्या इंग्रजी लेखनात ते सरोवर ज्वालामुखीचं तोंड मानलेलं आहे, नंतर ते उल्कापाताने झाल्याचं सिद्ध झालं. जुन्या पुस्तकाचं पान वाचून यंत्र ‘ज्वालामुखी’ हा विषय देतं, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पानावर तसं लिहिलंय. नोंदीत ‘लोणार सरोवर’ पुरे. त्याची उत्पत्ती कशी हा वाद पुस्तकाला करू द्या.

बुलडाणा-बुलढाणा यावरचा उपायही हाच: एक रूप ठरवा, दुसरं ‘पाहा’ म्हणून जोडा, आणि रोमनमधली दोन्ही स्पेलिंगंही. कोणतं ठरवता याला माझ्या मते फार महत्त्व नाही. दोन्ही टाकता की नाही याला आहे. असाच एक न दिसणारा पेच ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’चा आहे. पऱ्हाटी, गोऱ्हे, कऱ्हाड हे शब्द युनिकोडमध्ये दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप करता येतात. डोळ्याला सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे. एआयने दिलेला ‘पऱ्हाटी’ आणि तुम्ही कीबोर्डवर टाइप केलेला ‘पऱ्हाटी’ जुळला नाही तर कापसावरचं पुस्तक शोधायला आलेला शेतकरी रिकाम्या हाताने जाईल. नोंद चढवल्यावर तोच शब्द स्वतः टाइप करून शोधून पाहा. सापडला नाही तर आपल्या हाताने पुन्हा टाइप करा.

दुवा देताना थेट पीडीएफचा देऊ नका, पुस्तकाच्या पानाचा द्या. फाइलची नावं बदलतात, पुस्तकाचं पान सहसा टिकतं. आणि दुवा देण्याआधी हक्क पाहा. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, तोही मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून. दासगणू १९६२ साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०२३ पासून मुक्त झालं. ना. घ. देशपांडे २००० साली गेले. त्यांच्या कवितासंग्रहाचं स्कॅन कुठे सापडलं तरी आपल्या तालिकेत त्याचा दुवा देता येत नाही. हयात लेखकाची कादंबरी व्हॉट्सॲपवर फिरते म्हणून ती वाचनालयाच्या नोंदीत येऊ देऊ नका. एआयला ‘हे पुस्तक मुक्त आहे का’ विचारलंत तर ते हो किंवा नाही काहीतरी ठामपणे सांगेल; मृत्यूचं वर्ष तुम्ही शोधा. आणि एक गोष्ट जाता जाता: सभासदांची यादी, फोन नंबर, कुणी काय वाचलं याचा तक्ता, यातलं काहीही कोणत्याही एआयला देऊ नका. पुस्तकांचं काम आहे, माणसांचं नाही.

जुन्या पुस्तकांसाठी पडताळायला शंकर गणेश दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हाताशी असू द्या. पहिला भाग १९४३ साली आला, त्यात १८०० ते १९३७ पर्यंतची पुस्तकं. दुसऱ्या भागात १९५० पर्यंतची. यंत्राने काढलेलं वर्ष आणि दात्यांचं वर्ष जुळलं तर निश्चिंत. जुळलं नाही तर पान पुन्हा पाहा. कधी पान चुकीचं वाचलेलं असतं, आणि कधी तुमच्यासमोरची आवृत्तीच वेगळी असते. तीही नोंदवण्यासारखी.

किती वेळ लागतो? आधी अर्ध्या तासात एक नोंद व्हायची, आता अर्ध्या तासात चार होतात. पण एका दमात पन्नास पुस्तकांची पानं देऊन पन्नास नोंदी मागू नका. चौथ्या-पाचव्या पुस्तकानंतर एकाचा प्रकाशक दुसऱ्याला चिकटू लागतो, आणि ते शोधून काढायला तुम्हाला दिवस जातो. एका वेळी एक पुस्तक, नवीन संभाषणात. नोंदीच्या शेवटी ‘एआयच्या मदतीने केली, पानांवरून तपासली’ अशी टीप आणि तारीख टाका. उद्या कुणी तुमची नोंद उचलून आपल्याकडे घेतली तर त्याला कळायला हवं की ती कशी झाली. मी उचललेल्या काही नोंदींवर अशी टीप असती तर माझेही कित्येक तास वाचले असते.

सुरुवात मोठ्या ग्रंथांपासून करू नका. आपल्या तालुक्यावरची, आपल्या गावच्या लेखकांची, इथल्या संतांची, इथल्या सरोवराची अशी दहा पुस्तकं निवडा. त्यांच्यातली चूक पुण्या-मुंबईत बसलेल्या कुणाला दिसणार नाही. तुम्हाला दिसेल, नाहीतर पेपर वाचायला येणारे गुरुजी दाखवतील.